बलूनमधून शेवाळ वर पाठवायचंय, जिवंत परत कसं आणायचं?

हिरवी_अनु

नमस्कार मंडळी. मी मूळची कोल्हापूरची, बीएस्सी मायक्रो तिथेच केलं, सध्या जर्मनीत मास्टर्स करतेय. आमच्या युनिव्हर्सिटीतल्या सात जणांनी मिळून बेक्सससाठी अर्ज करायचं ठरवलंय. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, बेक्सस म्हणजे विद्यार्थ्यांचे प्रयोग मोठ्या हेलियमच्या बलूनला टांगून वर पाठवायचा कार्यक्रम, जर्मनीची अंतराळ संस्था डीएलआर आणि स्वीडनची स्पेस एजन्सी मिळून चालवतात, युरोपच्या अंतराळ संस्थेचा म्हणजे ईएसएचाही हात असतो. बलून सुटतं स्वीडनच्या पार उत्तरेला किरूनाजवळ एसरेंज म्हणून तळ आहे तिथून. १२,००० घनमीटरचं बलून, २५ ते ३० किलोमीटर उंची, वर दोन ते पाच तास तरंगायचं आणि मग पॅराशूटने खाली.

आमची कल्पना अशी की क्लोरेला वल्गॅरिस या एकपेशीय हिरव्या शेवाळाचं जिवंत कल्चर, म्हणजे पोषक पाण्यात वाढवलेल्या पेशी, एका छोट्या डब्यात ठेवायचं, आत एलईडी, हिटर, ऑक्सिजनचा सेन्सर, आणि सगळ्या प्रवासात ते प्रकाशसंश्लेषण करत राहतंय का ते बघायचं. अंतराळवीरांना हवा आणि अन्न शेवाळातून मिळावं यावर ईएसएचा मेलिसा प्रकल्प १९८९ पासून चालू आहे, २०१७ च्या डिसेंबरात त्यांनी आर्थ्रोस्पिरा म्हणजे आपली स्पिरुलिना स्पेस स्टेशनवर पाठवून तिच्याकडून ऑक्सिजन करून घेतला, त्यामुळे आमचं काही जगावेगळं नाही. पण विद्यार्थ्यांच्या हातून, कमी पैशात, हे जमतं का ते बघायचंय.

अडचण अशी की टीममध्ये पाच इंजिनियर आणि दोघी बायोवाल्या. इंजिनियर मला विचारतात, नक्की किती डिग्रीला मरतं ते सांग, एक आकडा दे, आम्ही त्याप्रमाणे हिटर लावतो. मला एक आकडा देताच येत नाही. तीन आठवडे झाले आम्ही तिथेच अडकलोय. तर विचारायचंय हे की डबा हवाबंद करायचा की नाही, क्लोरेला घ्यावी की स्पिरुलिना, आणि परत आल्यावर जिवंत आहे असं कशाच्या जोरावर म्हणायचं. कोणी असलं काही केलं असेल तर प्लीज सांगा, चुका पण सांगा, त्या जास्त कामाच्या.

सागर_उत्तरेचा

अनु, मी काही वर्षांपूर्वी अशाच एका टीममध्ये होतो, एसरेंजवर जाऊन आलोय, आमच्याकडेही शेवाळच होतं. तुझी पोस्ट वाचून सगळं आठवलं, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

आधी सोपं. डबा हवाबंदच पाहिजे, यात चर्चा नको. ३० किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या एक टक्क्याच्या आसपास असतो, १२ हेक्टोपास्कल धर, आणि त्या दाबाला पाणी १० डिग्रीलाच उकळतं. म्हणजे तू हिटर लावून कल्चर २५ डिग्रीला ठेवलंस आणि झाकणातून हवा गळाली तर कल्चर थंडीने नाही मरणार, उकळून फेस होऊन नळीबाहेर येईल. ओ-रिंग चांगली घ्या, आणि व्हॅक्यूम चेंबरमध्ये नुसतं पाणी भरून डबा चार तास ठेवा, आधी आणि नंतर वजन करा. वजन घटलं की गळती आहे. आमची पहिली दोन झाकणं यातच नापास झाली.

दुसरं, थंडीइतकीच उष्णतेची काळजी घ्या. इंजिनियर लोक फक्त थंडी धरतात कारण चढताना बाहेर उणे ५०-६० डिग्री लागतं. पण वर हवाच विरळ असल्यामुळे एलईडीची आणि बोर्डाची उष्णता वाहून न्यायला काही नसतं, थर्माकोलच्या आत ती साठत जाते. जमिनीवर फ्रीझरमध्ये ठेवून टेस्ट केली तर हे कळत नाही कारण फ्रीझरमध्ये हवा असते. जमलं तर थंडी आणि व्हॅक्यूम एकत्र असलेल्या चेंबरमध्ये टेस्ट करा.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी एवढं टाईप करतोय. आमचं शेवाळ वर मेलं नाही. वर ते मजेत होतं, आतलं तापमान सगळ्या उड्डाणात १८ च्या खाली गेलं नव्हतं, वरून डेटा खाली येत होता, आम्ही सगळे स्क्रीनसमोर बसून टाळ्या वाजवत होतो. ते मेलं जमिनीवर. दोनदा. पहिल्यांदा उड्डाणाआधी, कारण आम्ही कल्चर पहिल्या तारखेसाठी तयार केलं होतं आणि वाऱ्यामुळे उड्डाण दोन दिवस पुढे गेलं, त्या दोन दिवसांत नळ्या बंद डब्यात, दिवे बंद, कारण बॅटरी वाचवायची होती. अंधारात बंद नळीत शेवाळ श्वास घेतच राहतं, ऑक्सिजन संपवतं, जे साठवलंय ते खाऊन टाकतं. म्हणजे उडालं तेव्हाच ते अर्धमेलं होतं. दुसऱ्यांदा उतरल्यावर. गोंडोला, म्हणजे बलूनखाली टांगलेली प्रयोगांची चौकट, जंगलात पडला, संध्याकाळ झाली, हेलिकॉप्टर दुसऱ्या दिवशी गेलं, आणि आमच्या प्रोग्रॅममध्ये असं लिहिलेलं होतं की उतरल्याचं कळलं की हिटर बंद. का तर प्रयोग संपला! मीच लिहिली होती ती ओळ. ऑक्टोबरातली तिथली रात्र, बर्फ पडलेला, तापमान नोंदवणारा लॉगर नंतर वाचला तर पहाटे आतलं तापमान उणे चार. नळ्यांमध्ये बर्फाच्या सुया झालेल्या. पेशी फुटल्या. आणि ते फुटणं बलूनमुळे की त्या रात्रीमुळे, हे आम्हाला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. वर्षभराचं काम होतं ते. अजून वाईट वाटतं.

म्हणून तुमचा प्रयोग चार तासांचा आहे असं धरू नका. लॅबच्या दारातून निघाल्यापासून परत लॅबच्या दारात येईपर्यंत किती तास, तेवढा तुमचा प्रयोग. आमचा तो पाच दिवसांचा निघाला. गोंडोलावर २८ व्होल्टची बॅटरी मिळते पण उतरल्यानंतर तिच्या भरवशावर राहू नका, हिटरसाठी स्वतःच्या वेगळ्या लिथियम सेल ठेवा, थंडीत टिकणाऱ्या, रिचार्जेबल नाही. आणि उड्डाणाच्या आधी जितक्या उशिरा कल्चर आत घालायला देतील तितक्या उशिरा घाला, ही मागणी पहिल्या कागदापासून लिहून ठेवा, ऐनवेळी कोणी ऐकत नाही.

हिरवी_अनु

सागरदादा, मनापासून धन्यवाद. उतरल्यावर हिटर बंद करायची ओळ आमच्या पण फ्लोचार्टमध्ये आहे, अक्षरशः तशीच. आत्ताच जाऊन खोडली. एक विचारू का, उड्डाणाआधीच्या त्या दोन दिवसांत नळ्यांना बाहेरून वायरने वीज द्यायची सोय करता आली असती का?

सागर_उत्तरेचा

हो, आणि तीच करायला हवी होती. हॉलमध्ये गोंडोलावर सगळ्यांचे प्रयोग लावलेले असतात, तिथे भिंतीतली वीज असते. डब्याच्या बाहेरच्या अंगाला एक कनेक्टर काढून ठेवा, हॉलमध्ये असेपर्यंत त्यावरून मंद दिवा आणि हिटर चालवायचा, बाहेर काढताना उपसायचा. एक कनेक्टर, चार वायरी.

सोडा_आणि_ऊन

नमस्कार. मी शिकलेला संशोधक नाही, सांगली जिल्ह्यात गेली सहा वर्षं स्पिरुलिनाच्या टाक्या आहेत आमच्या, सुकवून पावडर करतो. मुलाने ही पोस्ट दाखवली. अनुताई, बलूनबद्दल मला काही कळत नाही पण तुमचा जो प्रश्न आहे ना की किती डिग्रीला मरतं, त्याच्यावर बोलतो.

नुसत्या थंडीने मरत नाही. आमच्याकडे थंडीत पहाटे टाकीचं पाणी १५-१६ ला येतं, स्पिरुलिना गप बसते, वाढत नाही, पण मरत पण नाही, ऊन आलं पाणी तापलं की चालू. मरते कधी, तर पाणी गार आहे आणि एकदम कडक ऊन पडलं तेव्हा. आकाश निरभ्र, आठ साडेआठला ऊन चटका देतं आणि पाणी अजून १६ ला आहे, अशा दिवशी दुपारपर्यंत हिरवा रंग फिका पडतो, पिवळट होतो, आणि दोन दिवसांनी वर फेस. पहिल्या वर्षी मला वाटलं खत कमी पडलं. मग सकाळी शेडनेट ओढून ठेवायला लागलो, पाणी २२-२३ च्या वर आलं की नेट काढायची, तेव्हापासून तो त्रास गेला. म्हणजे पोरगं आजारी असताना ताट वाढून समोर ठेवलं तर त्याचा उपयोग नाही, उलट ओकून टाकेल, तसं आहे ते.

तेव्हा तुमच्या इंजिनियर लोकांना सांगा की तापमान आणि दिवा एकत्र धरा. गार पडलं तर दिवा पण कमी करा.

आणि बंद डब्याचं म्हणाल तर स्पिरुलिनाचा एक फायदा आहे. आम्ही पाण्यात खायचा सोडा घालतो, लिटरला १६ ग्रॅमच्या वर जातो मूळ फॉर्म्युल्यात, कार्बन ती त्याच्यातूनच घेते. त्यामुळे बंद भांड्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड संपला म्हणून लगेच उपाशी राहत नाही. तोटा म्हणजे तिला ऊब जास्त लागते, ३०-३५ ला खरी खुलते, आणि हलवत राहावं लागतं, नाहीतर वर तरंगून गोळा होते, खालच्याला उजेड मिळत नाही.

मेधा_मायक्रो

सोडा-ऊन काका, तुम्ही जे शेडनेटचं सांगितलंत ते पुस्तकात फोटोइनहिबिशन म्हणून असतं, आणि मी अनेक वर्षं शिकवतेय पण इतकं स्वच्छ कधी सांगता आलं नाही मला. उजेड पेशीत येतो, त्याची ऊर्जा पकडली जाते, पण थंडीमुळे पुढची रासायनिक साखळी मंद असते म्हणून ती ऊर्जा खर्च होत नाही, आणि ती अडकलेली ऊर्जा फोटोसिस्टम दोनचं, म्हणजे उजेड पकडणाऱ्या यंत्रणेतल्या एका भागाचं, नुकसान करते. दुरुस्तीही थंडीत हळू होते. अनु, तुझ्या इंजिनियरांना एक आकडा हवाय ना, तो देऊ नकोस, एक तक्ता दे. एका बाजूला तापमान, दुसऱ्या बाजूला प्रकाश, प्रत्येक खणात दोन तास ठेवून बघा काय होतं. पाच गुणिले चार म्हणजे वीस खणं, तीन-तीन नळ्या, तीन आठवड्यांत होतं. मग प्रोग्रॅममध्ये लिहिता येईल की २० च्या खाली गेलं की दिवा अर्धा, १२ च्या खाली बंद किंवा जे काय तुमच्या तक्त्यात निघेल ते. माझे आकडे घेऊ नका, प्रत्येक स्ट्रेनचं, म्हणजे वाणाचं, वेगळं असतं.

आता जिवंत कशाला म्हणायचं. हिरवं दिसतंय म्हणजे जिवंत, हे डोक्यातून काढून टाका. मेलेली पेशी पण काही दिवस हिरवीच असते, क्लोरोफिल लगेच जात नाही. तीन गोष्टी करा. एक, पॅम फ्लोरोमीटर (क्लोरोफिलची चमक मोजणारं यंत्र) मिळाला तर अंधारात पंधरा-वीस मिनिटं ठेवून एफव्ही-एफएम, म्हणजे फोटोसिस्टम दोन किती कार्यक्षम आहे तो आकडा, मोजा, निरोगी हिरव्या शेवाळाचं ०.६-०.७ च्या आसपास येतं, पडलं की फोटोसिस्टमला मार बसलाय. दोन, एफडीए नावाचा रंग, त्याने जिवंत पेशी हिरव्या चमकतात, सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या. तीन, आणि हीच खरी, अगार प्लेटवर (जेलीसारख्या खाद्याच्या थाळीवर) पसरून किती पेशींच्या कॉलनी होतात ते मोजा. पहिल्या दोन त्याच दिवशी कळतात, तिसरीला दहा-बारा दिवस लागतात, पण पेशी परत विभागते का हे तीच सांगते.

आणि चार तासांत वाढ मोजायला जाऊ नका. क्लोरेला चांगल्या परिस्थितीत दुप्पट व्हायलाच अर्धा दिवस ते दिवस घेते. उड्डाणात ऑक्सिजन मोजा, फ्लोरेसन्स मोजा. त्यातही दिवा दहा मिनिटं चालू दहा मिनिटं बंद असं केलंत तर चालू असताना ऑक्सिजन चढतो, बंद असताना उतरतो, तो चढ-उतारच तुमचा पुरावा. नुसता एकच चढता आलेख असला तर कोणी म्हणेल सेन्सर तापला म्हणून चढला.

कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी न उडवता ठेवलेला डबा, त्याबद्दल. सागरने सांगितलेल्या गोष्टीत एक राहिलं, त्यांचा कंट्रोल बहुतेक उबदार लॅबमध्ये बसला असेल. बरोबर ना सागर?

सागर_उत्तरेचा

बरोबर मॅडम. २५ डिग्रीला, शेकरवर, मस्त उजेडात. पाच दिवस.

मेधा_मायक्रो

म्हणूनच तुम्हाला सांगता आलं नाही. तीन डबे लागतात अनु. एक उडणारा. एक लॅबमध्ये आरामात राहणारा. आणि एक जो जर्मनीपासून किरूनापर्यंत त्याच गाडीतून जाईल, त्याच हॉलमध्ये थांबेल, गोंडोला परत येईपर्यंत बाहेर त्याच थंडीत राहील, फक्त उडणार नाही. उडालेल्याची तुलना त्या तिसऱ्याशी करायची. आणि मोजणाऱ्याला कुठली नळी कुठल्या डब्यातली ते माहीत नसावं, दोघींनी वेगवेगळं मोजा.

यावरून आठवलं, आपल्याकडचं एक मोठं उदाहरण आहे. २००५ च्या एप्रिलमध्ये इस्रोने टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या हैदराबादच्या बलून तळावरून ४५९ किलोचं पेलोड पाठवलं होतं, त्यात १६ निर्जंतुक स्टीलच्या नळ्या, ३८ किलो द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या, २० ते ४१ किलोमीटरवरची हवा त्यांत गोळा केली. त्या हवेत बॅक्टेरियाच्या १२ आणि बुरशीच्या ६ कॉलनी मिळाल्या, तीन प्रजाती नव्या निघाल्या, त्यातल्या दोघींना तेव्हा दिलेली नावं बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभटाई, तिसरी जॅनिबॅक्टर हॉयली. पण मला त्यात सगळ्यात आवडतं ते हे की नमुने हैदराबादची सीसीएमबी आणि पुण्याची एनसीसीएस या दोन संशोधन संस्थांत, दोन्हीकडे स्वतंत्रपणे तपासले. कारण वर काही सापडलं म्हटलं की पहिला प्रश्न येणार, हे खालूनच तर गेलं नाही ना. तुझ्या बाबतीत तो प्रश्न उलटा येईल, हे खालीच तर मेलं नाही ना.

पुणेरी_एरो

मी पुण्यात इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, हे सगळं वाचून आमच्या क्लबमध्ये पण करावंसं वाटतंय. २०२५ मध्ये शुभांशु शुक्लांनी स्पेस स्टेशनवर सूक्ष्मशैवालांचे प्रयोग केले तेव्हापासून डोक्यात आहे. आम्ही साधं रबरी बलून घेतलं, हवामान खातं रोज सोडतं तसलं, तर चालेल का? ३० किलोमीटर जातं ना ते पण?

सागर_उत्तरेचा

जातं, पण तरंगत नाही. लेटेक्सचं बलून फुगत फुगत वर जातं आणि फुटतं. सेकंदाला ५ मीटर धरले तर ३० किलोमीटरला १०० मिनिटं, मग फुटून पॅराशूटने अर्ध्या-पाऊण तासात खाली. वर मुक्काम नाहीच. पण मी तर म्हणेन पहिल्यांदा तेच करा. कमी वजन, कमी खर्च, आणि डब्याची, हिटरची, बॅटरीची सगळी परीक्षा होते. फक्त परवानगी घेतल्याशिवाय सोडू नका, पुण्याच्या आसपास लोहगावची हवाई हद्द आहे, हवाई वाहतूक नियंत्रणाला कळवणं, लेखी मंजुरी घेणं, हे कॉलेजच्या लेटरहेडवरून, महिने दोन महिने आधी. आणि जीपीएस दोन लावा.

अजून एक, जे मला स्वतःला फार उशिरा कळलं. किरूना आणि हैदराबाद किंवा पुणे, ३० किलोमीटरवर सगळीकडे सारखीच परिस्थिती नाही. ऑक्टोबरच्या मध्यात किरूनात भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या वर १३-१४ अंशच असतो. ऊन इतकं तिरकं येतं की ओझोनमधून लांबचा रस्ता कापून येतं, यूव्ही बरीचशी वाटेतच गळते. म्हणजे शेवाळावर अतिनील किरणांचा परिणाम हा तुमचा प्रश्न असेल तर आपल्याकडचं डोक्यावरचं ऊन जास्त कामाचं. उलट वैश्विक किरणं उत्तरेत जास्त, कारण आपल्याकडे पृथ्वीचं चुंबकत्व त्यातली बरीच अडवतं. पण चार तासांच्या किरणांनी बंद डब्यातल्या क्लोरेलाला काही दिसण्यासारखं होईल असं लिहू नका अर्जात, परीक्षक पहिल्या फटक्यात पकडतात. आणि वजनरहित अवस्था तर नाहीच बलूनमध्ये, तेही लिहू नका. खरं आहे तेवढं लिहा, दाब, थंडी, प्रकाश आणि वाट बघणं.

गोडामसाला

मी विज्ञानवाली नाही, एक साधी शंका. मी कुठेतरी वाचलं होतं की दगडफूल अंतराळात जगतं. आपण गोड्या मसाल्यात घालतो तेच का? मग शेवाळाची एवढी पळापळ कशाला, दगडफूलच पाठवा की.

मेधा_मायक्रो

शंका अजिबात साधी नाही! दगडफूल म्हणजे लायकेन, बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार, त्यातलं शेवाळ प्रकाशसंश्लेषण करतं. २००५ मध्ये दोन लायकेन, ऱ्हायझोकार्पन आणि झँथोरिया, फोटॉन-एम२ या रशियन यानाच्या बाहेरच्या बाजूला उघड्या अंतराळात दोन आठवडे ठेवली होती आणि परत आल्यावर ओली केली तर प्रकाशसंश्लेषण चालू झालं. मसाल्यातलं दगडफूल त्यांचं भाऊबंद, जात वेगळी. आणि बाजारातलं किती जुनं कोण जाणे, त्याच्यावर प्रयोग नको.

त्यांचं गुपित म्हणजे ती कोरडी होतात. आपल्या कास पठारावरचे काळे कातळ आठवा, उन्हाळ्यात मेल्यासारखे, पहिल्या पावसात काही तासांत हिरवट. पाणीच नाही म्हणून बर्फाच्या सुया नाहीत, उकळणं नाही, काही नाही. अनु, यात तुझ्यासाठी एक चांगली वाट आहे. मुख्य प्रयोग ओल्या क्लोरेलाचाच ठेव, कारण हवा आणि अन्न द्यायचं तर जागं आणि ओलं शेवाळच लागणार, झोपलेलं काय ऑक्सिजन देणार. पण डब्याच्या कोपऱ्यात एका छोट्या नळीत कोरडं लायकेन ठेव. ना हिटर लागत, ना दिवा. बाकी सगळं बिघडलं तरी त्या नळीतून काहीतरी उत्तर परत येईल. घरून मागवू नकोस, कस्टम्सचा ताप होईल, जर्मनीत झाडांच्या सालींवर पिवळी-केशरी झँथोरिया पारिएटिना ढिगाने असते, आत्ता खाली उतरून बघितलंस तरी दिसेल.

हिरवी_अनु

दिसली! हॉस्टेलच्या सायकल स्टँडजवळच्या झाडावर, दोन वर्षं मी तिथे सायकल लावतेय आणि मला वाटायचं गंज किंवा रंग लागलाय.

काल रात्री टीमची मीटिंग झाली. काकांचं शेडनेट मी फळ्यावर काढून दाखवलं, आमच्यातला जो हिटरवाला आहे तो पहिल्यांदा गप्प बसून ऐकत होता, मग म्हणाला हे आधी का नाही सांगितलंस, हे तर दहा ओळींचं काम आहे. आता प्रोग्रॅम आधी तापमान बघणार आणि मगच दिवा ठरवणार. तिसरा डबा मंजूर झाला, वजन आणि पैसे वाढतील पण सगळ्यांना पटलं. हॉलमध्ये वीज द्यायचा कनेक्टर पण. क्लोरेलाच ठेवतोय, स्पिरुलिनाला ३० डिग्रीची ऊब पाच दिवस पुरवायची बॅटरी आमच्याकडे नाही. तिला अल्जिनेटच्या (जेलीसारख्या पदार्थाच्या) मण्यांत बसवायचा विचार आहे, सोडियम अल्जिनेटमध्ये मिसळून कॅल्शियम क्लोराईडमध्ये थेंब थेंब सोडायचे, बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला केलं होतं, म्हणजे उतरताना आपटलं तरी सगळं ढवळून निघणार नाही आणि एकेक मणी काढून मोजता येईल.

शनिवारी पहिली टेस्ट. दोन डबे उणे २० च्या फ्रीझरमध्ये, एकात हिटर उतरल्यानंतर चालू ठेवलेला आणि एकात बंद, रात्रभर, १४ तास. सागरदादा, लॉगरची फाईल रविवारी इथेच टाकते.

सोडा_आणि_ऊन

टाका अनुताई, मी आणि पोरगं दोघं बघतो. आणि फ्रीझरमधून काढल्यावर लगेच दिव्याखाली ठेवू नका.